रोजा, हकीम आणि पांढऱ्या पेशी

रमजानच्या रोजाने रोगप्रतिकारशक्ती वाढते हे विधान आज वृत्तपत्रांच्या रमजान पुरवण्यांत, प्रवचनांत आणि मोबाइलवरील संदेशांत इतक्या सहजपणे येते, की ते रोजाइतकेच जुने असावे असा वाचकाचा समज व्हावा. वस्तुस्थिती वेगळी आहे. रमजानचा रोजा हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स. 624 मध्ये, मदिनेत फर्ज (अनिवार्य धर्मकर्तव्य) ठरला. तर रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पेशी शरीरात असतात ही कल्पना 1882 मध्ये मेसिना येथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून, त्या काट्याभोवती गोळा होणाऱ्या फिरत्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा आकाराला येऊ लागली. या दोन घटनांमध्ये साडेबारा शतकांचे अंतर आहे. या अवधीत आणि त्यानंतरही प्रत्येक काळाने रोजाचा आरोग्याशी असलेला संबंध आपापल्या वैद्यकाच्या परिभाषेत नव्याने मांडला. परिभाषा बदलत गेली, दावा मात्र तोच राहिला.

ज्या कुराणवचनांनी रोजा फर्ज ठरला (दुसरी सुरा, आयत 183 ते 185), त्यांत आरोग्यलाभ हे कारण म्हणून दिलेले नाही. तेथे सांगितलेला हेतू ‘तकवा’ हा आहे, म्हणजे ईश्वराचे भान ठेवून केलेले संयमित वर्तन. आजाराचा उल्लेख त्या वचनांत जरूर आहे, पण तो अगदी उलट्या बाजूने येतो. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्याने ते रोजे पुढे इतर दिवशी पूर्ण करावेत, अशी सवलत तेथे दिलेली आहे. या सवलतीला शास्त्रकारांनी ‘रुखसत’ म्हटले, राहिलेला रोजा नंतर ठेवण्याला ‘कजा’ असे नाव दिले आणि ज्याला तो कधीच ठेवता येणार नाही, अशा वृद्धाने किंवा बऱ्या न होणाऱ्या रुग्णाने प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला जेवू घालण्याला ‘फिदया’ म्हटले. पुढे हनफी फिकहमध्ये, म्हणजे भारतीय उपखंडातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान ज्या शास्त्रपरंपरेला मानतात तिच्यात, आजार वाढण्याची भीती खरी आहे की नुसती सबब, हे ठरवताना स्वतःचा पूर्वानुभव किंवा निष्णात, सचोटीच्या मुस्लिम वैद्याचे मत ग्राह्य धरावे, असा दंडक तयार झाला. रोजाच्या इतिहासात वैद्याचा प्रवेश झाला तो असा, सवलतीच्या दारातून. रोजाचे गुण गाणारा म्हणून त्याला बोलावले गेले ते फार नंतर. रोजाचा वैद्यकीय इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक हे दार ओलांडून थेट लाभांच्या दालनात शिरतात, आणि त्यामुळे त्यांच्या हातून या इतिहासाचा अधिक भरीव भाग निसटतो.

रोजा ठेवल्याने निरोगी राहाल अशा आशयाचे एक वचन पैगंबरांच्या नावे सर्रास सांगितले जाते. दहाव्या शतकातील हदीस-संग्राहक तबरानी याच्या संग्रहात ते सापडते. परंतु हदीसच्या चिकित्सेत, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले या साखळीच्या कसोटीवर, पुढील अभ्यासकांनी ते ‘जईफ’ अर्थात दुर्बळ ठरवले. पोट हे रोगाचे घर आणि पथ्य हे सर्व औषधांचे मूळ, या अर्थाचे दुसरे प्रसिद्ध वचनही असेच. दमास्कसचा विद्वान इब्न कय्यिम अल-जौझिया (1292–1350) याने स्पष्टपणे नोंदवले, की हे वचन पैगंबरांचे नसून ताइफचा अरब वैद्य हारिस बिन कलदा याचे आहे. हा इब्न कय्यिम काही संशयवादी नव्हता. पैगंबरी वैद्यकावरील सर्वांत लोकप्रिय ठरलेले लेखन त्याचेच आहे आणि रोजाचे शरीराला होणारे फायदे त्याने आस्थेने वर्णिले आहेत. तरीही वैद्याचे बोलणे वैद्याच्या नावे आणि पैगंबरांचे पैगंबरांच्या नावे नोंदवले जावे, एवढी शिस्त त्याला आवश्यक वाटली. आजच्या पुरवण्यांना ती वाटत नाही, हे नमूद करणे भाग आहे.

फायद्यांचे हे वर्णन ज्या वैद्यकाच्या आधारे केले गेले, ते मुळात ग्रीक होते. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन बिन इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्य गॅलेन याचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. तेथून अल-राझी आणि इब्न सीना (980–1037) या वैद्यांच्या हातून जी व्यवस्था घडली, तिला भारतात युनानी म्हणतात. या व्यवस्थेत शरीर चार ‘अखलात’ म्हणजे द्रवांवर चालते: दम (रक्त), बलगम (कफ), सफरा (पित्त) आणि सौदा (काळे पित्त). त्यांचे प्रमाण बिघडले किंवा त्यांत कुजका अंश साठला की रोग उद्भवतो. आणि शरीराचा कारभार पाहणारी, रोगाशी झगडणारी जी अंगभूत शक्ती, तिला ‘तबियत’ म्हणतात. तापात तबियत दूषित द्रव पक्व करून बाहेर टाकण्याच्या कामात गुंतलेली असते, या पक्व होण्याला ‘नुज्ज’ अशी संज्ञा आहे. अशा वेळी पोटात जड अन्न पडले तर तबियतीला दोन आघाड्यांवर लढावे लागते, म्हणून रोग ऐन जोरात असताना आहार कमीत कमी ठेवावा, हा हिपॉक्रेटिसपासून चालत आलेला नियम युनानी हकिमांनी कायम ठेवला. मराठी वाचकाला आयुर्वेदातील लंघनाची आठवण येथे होईल, आणि ती गैरलागू नाही. कारण दोन्ही पद्धतींत उपाशी राहणे हा पचनशक्तीला उसंत देण्याचा उपाय आहे. मात्र या लंघनाचा रमजानशी थेट संबंध हकिमांनी फारसा जोडला नाही, कारण लंघन रुग्णाला सांगायचे असते आणि रोजा तर रुग्णाला माफ आहे. या एका विसंगतीकडे लक्ष दिले, तर औषधी उपवास आणि धार्मिक उपवास या दोन गोष्टी मध्ययुगीन विचारात किती वेगळ्या होत्या ते कळते.

निरोगी माणसाच्या रोजाविषयी त्या काळच्या धर्मचिंतकांना जी खरी चिंता होती, ती उपाशी राहण्याची नव्हती, सूर्यास्तानंतरच्या खाण्याची होती. गझाली (1058–1111) याने आपल्या ‘इह्या उलूम अल-दीन’ या ग्रंथात अशी तक्रार मांडली आहे, की दिवसभरात हुकलेले सर्व काही जो इफ्तारीच्या वेळी भरून काढतो, किंबहुना एरवी न होणारी पक्वान्ने रमजानसाठी राखून ठेवतो, त्याची वासना दबण्याऐवजी भडकते आणि रोजाचा हेतूच निष्फळ ठरतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला नऊशे वर्षांपूर्वीच्या या तक्रारीचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. आधुनिक आहारतज्ज्ञ रमजानमधील वजनवाढीबद्दल आणि तळणाबद्दल जे लिहितात, त्यात कॅलरी हा शब्द सोडला तर फारसे नवे काही नाही.

वैद्यक आणि रोजा यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती आणखी एका ठिकाणी. ‘हिजामा’ म्हणजे त्वचेवर बारीक चिरा देऊन तुंबडीने रक्त काढणे. हा त्या काळचा नित्याचा उपचार होता आणि तो रोजाच्या वेळेत केला तर रोजा तुटतो का, यावर शास्त्रकारांत मतभेद झाले. हनबली परंपरेने तुटतो असे म्हटले, हनफी, मालिकी आणि शाफिई परंपरांनी तुटत नाही असे मानले. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या वादामागे एक मूलभूत प्रश्न होता: रोजा कशाने मोडतो, शरीरात काही गेल्याने की शरीरातून काही निघाल्याने, आणि ‘आत जाणे’ म्हणजे तरी नेमक्या कोणत्या वाटेने जाणे? विसाव्या शतकात इंजेक्शन, सलाइन, डोळ्यांत घालायचे थेंब आणि दम्याचा फवारा आला, तेव्हा मुफ्तींनी याच जुन्या चौकटीत उत्तरे शोधली. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 च्या अधिवेशनात त्वचेत, स्नायूत किंवा शिरेत दिलेल्या, पोषणासाठी नसलेल्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही असे ठरवले आणि काही प्रश्न पुढील विचारासाठी राखून ठेवले. या ठरावाचे महत्त्व पुढे करोनाच्या महासाथीत ध्यानात आले.

दरम्यान उपवासाची भाषा युरोप-अमेरिकेत बदलली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निसर्गोपचाराच्या चळवळीने चार द्रवांच्या जागी ‘विषद्रव्ये’ आणली. अप्टन सिंक्लेअर या अमेरिकी कादंबरीकाराने 1911 मध्ये उपवास-चिकित्सेवर पुस्तक लिहिले, आणि शरीर स्वतःतील घाण उपवासात जाळून टाकते ही कल्पना जगभर पसरली. गांधीजींच्या प्रेरणेने 1946 मध्ये उरुळी कांचन येथे निघालेला निसर्गोपचार आश्रमही याच व्यापक प्रवाहात मोडतो, आणि ‘शरीरशुद्धी’ हा शब्द मराठी घरांत रुळण्यात अशा संस्थांचा वाटा आहे. कैरोपासून लाहोरपर्यंतच्या सुधारणावादी मुस्लिम लेखकांना ही भाषा सोयीची वाटली यात नवल नाही, कारण वसाहतवादी टीकाकार रोजाला आळसाचे आणि अनुत्पादकतेचे कारण ठरवत असताना पाश्चात्त्य डॉक्टरच उपवासाची शिफारस करतात, असे त्यांना आता दाखवून देता येत होते. अनुत्पादकतेचा आक्षेप केवळ परक्यांचा नव्हता. 1960 मध्ये ट्युनिशियाचे अध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी, देश मागासलेपणाशी लढत आहे आणि लढणाऱ्याला सवलत असते, असा युक्तिवाद करून कामगारांना रोजा सोडण्याचे आवाहन केले. देशाच्या मुफ्तींनी त्याला पाठिंबा देण्याचे नाकारले आणि लोकांनीही ते फारसे मनावर घेतले नाही. येथेही आधार घेतला गेला तो रुखसतीचाच, हे पाहण्यासारखे आहे.

रोजेदाराचे शरीर प्रयोगशाळेत मोजण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक दक्षिण आशियातला आहे. ढाक्यात मुअज्जम आणि खालिक या दोन डॉक्टरांनी रमजानमधील उपवासाच्या शारीरिक परिणामांवर 1959 मध्ये उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या एका ब्रिटिश नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर असे अभ्यास तुरळकपणे होत राहिले. 1994 मध्ये कॅसाब्लांका येथे ‘आरोग्य आणि रमजान’ या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि या विखुरलेल्या कामाला क्षेत्राचे रूप आले. त्या क्षेत्राचा पहिला मोठा प्रश्न प्रतिकारशक्तीचा नव्हता, मधुमेहाचा होता. तेरा देशांतील 12,243 मधुमेही मुसलमानांची माहिती गोळा करून 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिडायर’ या पाहणीत असे दिसले, की सवलत असूनही टाइप 1 मधुमेहाच्या सुमारे 43 टक्के आणि टाइप 2 च्या सुमारे 79 टक्के रुग्णांनी किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते, आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीवर घसरण्याचे प्रसंग रमजानमध्ये दोन्ही गटांत कित्येक पटींनी वाढले होते. शास्त्राने दिलेली सवलत रुग्ण घेत नाहीत, ही गोष्ट आकड्यांत मांडली गेली ती येथे. आजार असूनही महिनाभर घरातील इतरांबरोबर सहेरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, उठणारा आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानची वाट पाहणारा माणूस सवलतीला स्वतःचा कमीपणा समजतो. फिकहच्या ग्रंथांत या भावनेला स्थान नाही, पण समाजात तिचे वजन मोठे आहे.

प्रतिकारशक्तीचा अभ्यास यानंतर जोमाने सुरू झाला. त्याचे एक वारंवार उद्धृत होणारे उदाहरण म्हणजे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला, जॉर्डनमधील संशोधक मोअज फारिस व सहकाऱ्यांचा अभ्यास. त्यात 50 निरोगी व्यक्तींचे (21 पुरुष, 29 स्त्रिया) रक्त तीनदा तपासले गेले: रमजानच्या आठवडाभर आधी, रमजानच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आणि रमजान संपल्यावर महिन्याने. तपासायचे होते ते प्रामुख्याने ‘सायटोकाइन’, म्हणजे प्रतिकारपेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडतात ती प्रथिने. यांपैकी इंटरल्युकिन-1 बीटा, इंटरल्युकिन-6 आणि टीएनएफ-अल्फा ही तीन दाह भडकवणारी मानली जातात. तिन्हींचे प्रमाण रमजानमध्ये उतरले. पांढऱ्या पेशींची संख्याही उतरली, पण ती निरोगी मर्यादेच्या आतच राहिली. दाह कमी होणे ही संधिवात किंवा हृदयविकार यांसारख्या दीर्घकालीन व्याधींच्या दृष्टीने इष्ट बाब आहे. परंतु दाह हीच जंतूंवर तुटून पडण्याची शरीराची पहिली पद्धत असल्याने, दाहाचे निदर्शक कमी झाले म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढली’ असे म्हणता येत नाही, उलट एका विशिष्ट अर्थाने ती मवाळ झाली असे म्हणावे लागते. लोकप्रिय लेखनात नेमका हा फरक पुसला जातो.

या अभ्यासांची मर्यादा त्यांच्या विषयातच आहे. रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे. त्यात फज्रपासून (पहाटेपासून) मगरिबपर्यंत पाणीही वर्ज्य असते, त्यामुळे दुपारी घेतलेल्या रक्तात पाण्याचा अंश घटून इतर घटकांचे प्रमाण फसवे दिसू शकते. जेवण रात्री सरकते, तरावीहची रात्रीची नमाज आणि सहेरी यांमुळे झोप तुटते, आणि सायटोकाइन तर दिवसाच्या घड्याळाप्रमाणे चढतात-उतरतात. तेव्हा मोजलेला फरक भुकेचा, तहानेचा की झोपेचा हे वेगळे काढणे अवघड होते. शिवाय चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. उत्तर युरोपातील जूनमधला अठरा तासांहून लांबणारा रोजा आणि त्याच गावातला डिसेंबरमधला त्याच्या निम्म्याहून लहान रोजा यांना एकच प्रयोग समजणे शास्त्राला धरून नाही. अशा सर्व अडचणी लक्षात घेऊन 2017 मध्ये घेतलेल्या एका विस्तृत आढाव्याने काढलेला निष्कर्ष संयत आहे: रमजानच्या रोजाचा प्रतिकारयंत्रणेवरील परिणाम सौम्य असतो, आणि रमजाननंतर थोड्याच काळात ती पूर्वस्थितीला येते.

संयत निष्कर्ष मात्र फार दूर जात नाहीत. 2014 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील वाल्टर लाँगो यांच्या गटाने, दोन ते पाच दिवसांच्या सलग उपवासाची आवर्तने झाल्यावर उंदरांत रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी जाग्या होऊन नव्या प्रतिकारपेशी बनवतात असे दाखवले. 2016 मध्ये योशिनोरी ओसुमी यांना ‘ऑटोफेजी’ म्हणजे पेशीने स्वतःचेच निरुपयोगी भाग मोडून पुन्हा वापरण्याच्या प्रक्रियेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पहिले संशोधन मुख्यतः उंदरांवरचे, दुसरे मुळात उपाशी ठेवलेल्या यीस्टवरचे. दोहोंत सूर्यास्ताला खजूर खाऊन सुटणारा उपवास कोठेच नव्हता. तरीही ‘रोजा प्रतिकारयंत्रणा नव्याने घडवतो हे नोबेलने सिद्ध केले’ असे संदेश दरवर्षी शाबानच्या, म्हणजे रमजानआधीच्या महिन्याच्या, अखेरीस फिरू लागतात. मध्ययुगात वैद्याचे वचन पैगंबरांच्या नावे गेले. एकविसाव्या शतकात धर्माचरणाला नोबेलचे नाव लागले. इब्न कय्यिमची चिकित्सा दोन्हीकडे तेवढीच उपयोगी पडली असती.

रोजाच्या कालावधीशी खरोखर जुळणारे संशोधन त्यानंतर आले. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतील संशोधकांनी, निरोगी माणसे 19 तास उपाशी राहिल्यावर त्यांच्या रक्तातील ‘मोनोसाइट’, म्हणजे दाह वाढवू शकणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी, लक्षणीयरीत्या कमी होतात असे दाखवले. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी असेही मांडले, की यकृतातील ऊर्जेचा साठा आटल्याची खूण मिळाली की अस्थिमज्जेतून या पेशींचा पुरवठा मंदावतो, पण तीव्र संसर्ग झाल्यास लढण्याची क्षमता शाबूत राहते. 2023 मध्ये त्याच संस्थेतील दुसऱ्या गटाने या चित्राची दुसरी बाजू दाखवली. एक दिवस उपाशी ठेवलेल्या उंदरांना पुन्हा अन्न दिले, तेव्हा मज्जेत जाऊन बसलेल्या मोनोसाइटांचा लोंढा एकदम रक्तात परतला, आणि अशा उंदरांना जिवाणूचा संसर्ग अधिक जड गेला. उंदराचे चोवीस तास माणसाच्या चोवीस तासांपेक्षा फार मोठे असतात, त्यामुळे हा निष्कर्षही रोजावर जसाच्या तसा लावता येत नाही. तरी उपवास सोडण्याचा क्षण हा उपवासाइतकाच महत्त्वाचा, हे मत प्रयोगशाळेतून पुढे आले.

2020 मध्ये करोनाच्या महासाथीत भारतात रमजान 25 एप्रिलला सुरू झाला, तेव्हा रोजा आणि प्रतिकारशक्ती यांचा प्रश्न अभ्यासकांपुरता राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलच्या मध्यास दिलेल्या सूचनांत, रोजा आणि करोनाचा संसर्ग यांच्या संबंधावर कोणताही अभ्यास झालेला नाही, निरोगी व्यक्ती पूर्वीप्रमाणे रोजा ठेवू शकतात आणि करोना झालेल्यांनी डॉक्टरांशी बोलून धार्मिक सवलतीचा विचार करावा, असे म्हटले होते. मालेगावात त्याच सुमारास साथ जोरात होती. तेथील मन्सुरा परिसरातील युनानी महाविद्यालयाचा काढा घरोघर पोचला, आणि ‘कुव्वते मुदाफिअत’ ही रोगाशी झुंजण्याच्या शक्तीची हकिमी संज्ञा आणि ‘इम्युनिटी’ हा शब्द एकाच दमात उच्चारले जाऊ लागले. तबियतीची जुनी कल्पना आणि पांढऱ्या पेशींची नवी कल्पना यांची अशी सरमिसळ लोकभाषेत झाली, ती अजून उलगडलेली नाही.

पुढच्या वर्षीचा रमजान आला तो लस घेऊन. मार्च 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या प्रमुख मुफ्तींनी, लस ही अन्न किंवा पेय नसून ती स्नायूत दिली जाते, त्यामुळे तिने रोजा तुटत नाही, असा निर्वाळा दिला. हा तर्क हिजामाच्या वादापासून 1997 च्या ठरावापर्यंत चालत आलेल्या विचाराशी सुसंगत होता. तरीही पुष्कळांनी लस इफ्तारीनंतर घेण्याची वाट शोधली, कारण त्यांची शंका सुईबद्दल नव्हती, सुईनंतर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या तापाबद्दल होती. शरीराने लशीची दखल घेतल्याची खूण म्हणून येणाऱ्या त्या तापात रोजा सोडून नंतर त्याची कजा करण्याची मुभा मात्र त्यांना मदिनेतल्या रोजाच्या त्या पहिल्या वर्षापासूनच मिळालेली होती.